माध्यमाच्या खोलीतली हवा

फ्लास्कमधलं शेवाळ बिघडलं की मावशींना ते वासावरून कळायचं. तोंडाचा कापूस जरा बाजूला सारून त्या नाक जवळ नेत आणि "यात बुरशी शिरली आहे, टाकून द्या," म्हणून मोकळ्या होत. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून शिकलीसवरली मंडळी तेच सांगत. असं तिखट नाक असलेल्या बाईला स्वतःच्या खोलीतली हवा मात्र सबंध हिवाळाभर ओळखू आली नाही. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो, तेव्हा नाकाला दोष देता येणार नाही, हे खरं. पण ही सबब मावशींनी स्वतः कधी पुढे केली नाही.

मावशी त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होत्या. नवऱ्याचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि टाइपरायटर जगातून उठत चालले होते, म्हणून सत्ताविसाव्या वर्षी त्या परीक्षानळ्या धुवायला लागल्या. शाळा शेवटपर्यंत झालेली, पुढे नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी नुसतं काचसामान धुतलं. पण धुतलं असं की पाणी काचेवर थेंब धरून न राहता पातळ पसरून सरळ खाली उतरावं. काच खरोखर स्वच्छ झाल्याची तीच खूण असते, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनी मोरीपाशी उभं राहून शोधून काढलं होतं. हे बघून मोठ्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, त्यांना माध्यमाच्या खोलीत नेऊन बसवलं, ते कायमचं.

माध्यम म्हणजे शेवाळाचं जेवण. सतरा क्षार, प्रत्येकाचं वजन ठरलेलं, पाण्यात घालायचा क्रमही ठरलेला. क्रम चुकला की तळाशी पांढरा गाळ बसतो आणि सगळं मोरीत ओतावं लागतं. मावशींना सगळं तोंडपाठ होतं, तरी त्या रोज कागद समोर ठेवून एकेका क्षारापुढे पेन्सिलीने खूण करत. पाठ आहे म्हणणाऱ्याचीच भाजी खारट होते, असं त्यांचं मत. मोठमोठ्या पदव्या मिळवून गेलेली अकरा मुलंमुली त्यांच्या हातच्या माध्यमावर पोसली होती. म्हणजे तसं त्यांचं शेवाळ पोसलं होतं, पण मावशी दोन्हींत फारसा फरक करत नसत.

खोली बोळाच्या टोकाला, दहा बाय दहाची, उत्तरेकडची. एक मोरी, दगडी फरशीवर ठेवलेला तराजू, ट्यूबलाइटखाली फ्लास्क ठेवायची एक मांडणी, गॅसची शेगडी आणि भिंतीत उंचावर बाहेरची ताजी हवा आत घेणारा पंखा. शेगडी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत बारीक आचेवर चालू असे, कारण तिच्यावरच्या गरम पाण्याच्या पातेल्यात अगरच्या बाटल्या ठेवलेल्या असत. अगर ही समुद्री वनस्पतीपासून केलेली पूड. पाण्यात वितळवून बशीत ओतली की तिची वडी पडते आणि तिच्यावर शेवाळ वाढवता येतं. ती भलत्या वेळी थिजू नये म्हणून ही उठाठेव. पंख्याखाली एक पाटी होती: शेगडी चालू असेल तेव्हा पंखा चालू हवाच. ही पाटी मावशींनीच लावून घेतली होती, पूर्वीच्या एका विसरभोळ्या मुलासाठी.

त्या हिवाळ्यात मात्र थंडी जरा जास्तच चावरी होती आणि मावशींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. पंख्याच्या झडपेतून येणारा गार झोत नेमका त्यांच्या स्टुलावर उतरायचा. एके सकाळी त्यांनी पंखा बंद केला आणि स्टुलावर चढून झडपेत एक जुना टॉवेल कोंबला. दार तर त्या लावूनच घेत. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मावशींनी त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. पण ज्याने नियम केला त्याला वाटतं, नियम कुठे वाकतो तेही आपल्यालाच कळतं. खोली उबदार झाली, गुडघे गप्प बसले आणि मावशी टॉवेल विसरून गेल्या.

त्याच सुमारास ती मुलगी फ्लास्क घेऊन आली.

मुलगी पाचव्या वर्षाची, म्हणजे पदवीसाठी संशोधन करत असल्याचं पाचवं वर्ष. इतर चार वर्षांत सुटतात. तिच्याबरोबरचे सुटून नोकऱ्यांना लागले होते आणि फोनवर तिची चौकशी जरा जास्तच हळुवारपणे करत होते. जेवायच्या सुट्टीत ती सगळ्यांबरोबर न बसता मावशींच्या खोलीत येऊन डबा खायची, कारण मावशी "कुठवर आलं?" असं विचारत नसत. मावशींची स्वतःची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती आणि रविवारचा रविवार फोन करायची. ही रोज समोर बसायची. तेव्हा जीव कुठे जडला असेल ते सांगायला नको.

तिचा प्रयोग मावशींना तिनेच डबा खाता खाता समजावला होता. शेवाळ म्हणत असले तरी हे निळे-हिरवे जीव म्हणजे खरं तर जिवाणू, पृथ्वीवरचे फार जुने रहिवासी. त्यांचं खाणं कार्बन. पण पाण्यात कार्बन वायूच्या रूपात अगदी थोडा असतो. बराचसा विरघळून बायकार्बोनेट होऊन बसलेला असतो, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यात असतं तेच. ते पेशीत आपणहून शिरत नाही, ओढून आणावं लागतं. त्यासाठी पेशीच्या पडद्यात पंप असतात. या जातीत पाच. तीन पंप बायकार्बोनेट आत ओढतात. उरलेले दोन, आत आलेला वायू पळून जाण्याआधी त्याला पकडून त्याचंही बायकार्बोनेट करून टाकतात. असं करत करत बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी जास्त साठा आत जमतो. मग तो साठा प्रथिनांच्या एका इवल्याशा बंद डबीत जातो, तिथे त्याचा परत वायू होतो, आणि साखर घडवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच डबीत बसलेलं असतं.

"पण एवढा खटाटोप कशाला?" मावशींनी विचारलं होतं.

मुलगी म्हणाली, ते विकर कामाला भयंकर मंद, आणि वर धांदरट. कार्बन उचलायचा सोडून ऑक्सिजनच उचलतं. म्हणून त्याला डबीत कोंडून चारी बाजूंनी कार्बनच कार्बन करून ठेवायचा, म्हणजे चुकायला वाव राहत नाही.

"म्हणजे आळशाला पाटावर बसवून समोर ताट आणून ठेवायचं," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे एक आहे तसं." यजमान दुकान बंद झाल्यापासून घरीच होते.

मुलीच्या हातात जी जात होती तिचे पाचही पंप काढून टाकलेले होते. साध्या हवेत ती पाचसहा दिवसांत पिवळी पडून मरायची. जगायची ती फक्त वायूच्या पेटीत, जिथे नळकांड्यातून शंभरात तीन भाग कार्बन डायऑक्साइड सोडलेला असे. एवढा वायू असला की पंपाशिवायही तो पडद्यातून झिरपून आत शिरतो. मावशींनी तिचं नाव 'पोरकं' ठेवलं होतं आणि मोठे सरसुद्धा आता तेच म्हणत. या पोरक्यात मुलीने एक परका पंप बसवला होता, खाऱ्या पाण्यातल्या दूरच्या भाऊबंदाकडून आणलेला. तो चालला तर पोरकं साध्या हवेत जगेल. तसं झालं तर पुढेमागे असा पंप पिकांच्या पानांत घालता येईल, असं मोठ्यांचं म्हणणं होतं. मुलीला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. तिला फक्त एक हिरवा फ्लास्क हवा होता.

अशा प्रयोगात दोन फ्लास्क लागतात. एक पंप बसवलेला, दुसरा नुसता पोरका, ताडून बघायला. दुसऱ्याला कंट्रोल म्हणतात. दोन्ही एकाच जागी ठेवायचे हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण मोठ्या दालनातल्या मांडण्या भरलेल्या होत्या, एकाच फ्लास्कची जागा होती. तिथे तिने कंट्रोल ठेवला आणि पंपवाला मावशींच्या खोलीत आणला. अगदीच गाफीलपणे नाही. तिने दोन्ही ठिकाणचा उजेड मोजला, सारखा होता. तापमान मोजलं, सारखं होतं. हवा मोजली नाही. प्रयोग सगळा हवेचाच होता, पण हवा कोण मोजतं? ती सगळीकडे सारखीच असते.

सातव्या दिवशी दालनातला कंट्रोल पिवळाधमक झाला होता आणि मावशींच्या खोलीतला फ्लास्क हिरवा होता. फिकट नाही, चांगला हिरवा. मुलीने तो उजेडाकडे धरला, खाली ठेवला, परत धरला. मग ती मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पाच वर्षांचं एकदम बाहेर पडल्यासारखं रडली. मावशींचे हात क्षारांनी भरलेले होते, त्यामुळे त्या हात लांब धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना फार आनंद झाला होता.

मोठे सर म्हणाले, पुन्हा करून दाखव. तिने आणखी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तेच आलं. मधल्या काळात दालनात जागा झाली होती, पण तिने फ्लास्क हलवला नाही. "ही जागा मला लाभते," ती म्हणाली. बाहेरच्यांना हसू येईल, पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसांइतकी जागेला आणि पेनाला शकुन मानणारी जमात दुसरी नसेल. एकाचा प्रयोग फक्त निळ्या झाकणाच्या बाटलीत यायचा, दुसरी एक बाई कोणी दारात उभं असलं तर मापायला सुरुवात करत नसे. तेव्हा लाभणारी मांडणी हलवायची नाही याचं कोणालाच नवल वाटलं नाही, मोठ्या सरांनाही नाही. समितीची तारीख ठरली. समितीसमोर हा निकाल मांडला की पदवी, नाही मांडता आला तर पाच वर्षांची मुदत संपलेली. लेखही लिहायला घेतला होता.

मग मावशी पाच दिवस रजेवर गेल्या, दुसऱ्या शहरातल्या आपल्या लेकीच्या घरी. परत आल्या तर फ्लास्कचा रंग उतरलेला. दोन दिवसांत तो पुन्हा भरून आला. "तुमची आठवण काढत होतं," मुलगी हसत म्हणाली, आणि मावशींना, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. त्या दिवसांत संध्याकाळी त्यांचं डोकं जड व्हायचं आणि घरी जाताना रस्त्यावर आल्या की आपोआप उतरायचं. वय झालं, असं म्हणून त्यांनी ते वयाच्या खात्यात टाकलं.

समितीला बारा दिवस उरले असताना नळ्यांची वार्षिक तपासणी करायला गॅसवाला आला. बोलका माणूस. हातात यंत्र धरून शेगडीभोवती फिरला, गळती नाही म्हणाला. मग यंत्राकडे पुन्हा बघितलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही दिवसभर इथंच बसता? बाहेर कार्बन डायऑक्साइड दहा लाखात सव्वाचारशे असतो. इथं बेचाळीसशे दाखवतंय. तो पंखा काय शोभेला लावलाय?"

मावशींनी आधी पंख्याकडे पाहिलं. मग मांडणीवरच्या फ्लास्ककडे. गॅसवाला आणखी काहीबाही सांगत होता ते त्यांना ऐकू येत नव्हतं. बाहेरच्या दहापट. वायूच्या पेटीएवढा नाही, पण पंप नसलेल्याला आपोआप झिरपून मिळेल एवढा. शेगडी त्याला दिवसभर भरवत होती. रजेवर गेल्यावर शेगडी बंद, आणि ते उपाशी. एकतीस वर्षं ज्या बाईने एक चिमूट मीठ जास्त पडू दिलं नव्हतं, तिने एका फ्लास्कला हिवाळाभर चोरून जेवू घातलं होतं आणि त्यावर एका पोरीने घर बांधलं होतं. मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं. ते खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला कोणी विचारलं आहे का? नाही, मावशी म्हणाल्या. मग झाकली मूठ सव्वा लाखाची, यजमान म्हणाले, उन्हाळ्यात तू निवृत्त होणार, पोरीला पदवी मिळणार, कोणाचं काय बिघडतं? मावशींनी जेवणं उरकली, भांडी घासली, ओटा दोनदा पुसला. यजमानांचं म्हणणं त्यांना पटलं असतं, पण त्यातल्या एका शब्दापाशी त्या अडल्या होत्या. तो शब्द निवृत्त हा होता.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच त्यांनी मुलीला सांगितलं. टॉवेल दाखवला. आकडा सांगितला. मुलगी हुशार होती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आणखी कोणाला सांगितलंय?"

"घरी. इथं कोणाला नाही."

मुलगी डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागली. मग म्हणाली की गॅसवाल्याचं यंत्र चुकीचं असू शकतं. पंपही चालत असेल आणि वायूही असेल, दोन्ही खरं असू शकतं. आणि शेवटी, खाली बघत, की समितीला अकरा दिवस आहेत, तेवढे पंख्याला हात लावू नका. मावशींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या, टॉवेल ओढून काढला आणि पंखा लावला. गार झोत थेट गुडघ्यांवर आला.

सकाळी आल्या तर पंखा बंद होता आणि झडपेत टॉवेल होता. मावशींनी तो चुरगळून कोंबला होता. आता तो चौपदरी घडी करून नीट बसवलेला होता. मुलगी टापटिपीची होती. मावशींनी टॉवेल काढला, पंखा लावला. पुढच्या सकाळी पुन्हा टॉवेल. दिवसा दोघी समोरासमोर बसून डबा खात होत्या, हवापाण्याच्या गोष्टी करत होत्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. फ्लास्क हिरवाच होता, निदान अजून तरी. आपण हिच्या तोंडचा घास काढून घेतो आहोत, असं मावशींना वाटे, आणि तरी पंख्याच्या बटणाकडे हात जाई. त्या दोन रात्री त्यांना झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगीच फुटली. दार लावून घेऊन म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलंच नसतं."

"कळलं असतं," मावशी म्हणाल्या. "मी उन्हाळ्यात जाणार. माझ्या जागी येईल त्याचे गुडघे चांगले असतील. तो पाटी वाचेल आणि पंखा लावेल. आठव्या दिवशी तुझा फ्लास्क पिवळा. आणि तोवर तुझं नाव छापून आलेलं असेल. लोक करून बघतील, कोणालाच येणार नाही. मग तुला सगळे काय म्हणतील, ते मी घरी बसून ऐकायचं?"

मुलगी मोरीपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली, हात न धुता. थोड्या वेळाने तिने नळ बंद केला आणि निघून गेली. त्या दिवशी डबा खायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा चालू होता. टॉवेल वाळत घातल्यासारखा दोरीवर होता. आणि मांडणीवर एकाऐवजी दोन फ्लास्क होते, नवे, आदल्या संध्याकाळी भरलेले, एकमेकांना खेटून. एकावर पंपवाल्याची खूण, दुसऱ्यावर कंट्रोलची. प्रयोग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ते एका ट्यूबलाइटखाली, एका हवेत आले होते. मुलगी स्वेटर घालून स्टुलावर बसली होती. तिने मावशींना स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली.

पुढचा आठवडा दोघींनी फ्लास्क पाहण्यात घालवला. एखाद्या आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तेवढंच बोलणं होई. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखे हिरवे. चौथ्या दिवशी दोन्ही सारखे फिकट. पाचव्या दिवशी मुलीला क्षणभर वाटलं की पंपवाला जरा जास्त हिरवा आहे, आणि तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनाही तसंच वाटावं असं फार वाटत होतं. त्यांनी दोन्ही फ्लास्क पांढऱ्या कागदासमोर धरले, नीट बघितलं आणि मान हलवली. सहाव्या दिवशी दोन्ही पिवळे झाले, आणि सातव्या दिवशी कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. परका पंप पोरक्याच्या पडद्यात बसला असेल, नसेल, पण पाणी भरत नव्हता.

समितीसमोर मुलीने दोन्ही पिवळे फ्लास्क टेबलावर ठेवले आणि काय झालं ते सरळ सांगितलं. पंख्याचं, शेगडीचं आणि लाभणाऱ्या मांडणीचंही. ही चूक माझी, दोन्ही फ्लास्क एकत्र ठेवणं माझं काम होतं, असं ती म्हणाली. मोठ्या सरांनी ती जागा लाभते हे तेव्हा स्वतः मान्य केलं होतं, त्यामुळे त्यांनी फक्त घसा खाकरला. समितीतल्या कोणीतरी विचारलं की हवेचं कसं लक्षात आलं. माध्यमाच्या मावशींनी सांगितलं, ती म्हणाली. समितीने बराच वेळ दार लावून घेतलं आणि मग एक वर्ष वाढवून दिलं. नियमात तसं बसत नव्हतं, पण दिलं. मावशींना नियम मोडल्याबद्दल एक समज देणारं पत्र आलं. ते त्यांनी घरी नेऊन यजमानांना दाखवलं. यजमान म्हणाले, एकतीस वर्षांत पहिलंच, चौकटीत लावू या का? मावशींना हसू आलं नाही.

वर्ष मिळाल्याचं सांगायला मुलगी धावत आली होती. तिने मावशींचे दोन्ही हात धरले, आभार मानले, मनापासून मानले. दुसऱ्या दिवशी ती माध्यमाच्या खोलीत आली, तेव्हा मावशींनी नेहमीप्रमाणे तिच्यासाठी भरून ठेवलेली बाटली पुढे केली. मुलीने ती घेतली नाही.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "यापुढे माझं मी करत जाईन."

आवाजात राग नव्हता. तिने कागद समोर ठेवला, तराजू शून्यावर आणला आणि पहिला क्षार मोजायला घेतला. मावशी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. एकेक वजन ती दोनदा करत होती. प्रत्येक क्षारापुढे पेन्सिलीने खूण करत होती. क्रम चुकत नव्हता. मधेच थांबून तिने मान वर केली, पंखा फिरतो आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

उन्हाळ्यापर्यंत हे असंच चाललं. मुलगी रोज डबा खायला येई, गुडघ्यांची चौकशी करी, एकदा तिने कुठलंसं तेलही आणून दिलं. फक्त एकही बाटली मावशींच्या हाताची तिने पुन्हा वापरली नाही. मावशींना त्याचं फार वाईट वाटे. तिचं यात कुठे चुकतं आहे का, हे त्यांनी पुष्कळदा शोधून पाहिलं, आणि एकदाही सापडलं नाही.